जव्हारचं मूळ

एडवणच्या किनाऱ्यावर घोडी फिरवणारा तो माणूस कुणालाही उत्तर देण्याआधी घोडीकडे बघायचा, जणू तिची परवानगी हवी. गुडघ्यातली कूर्चा झिजून ती लंगडायला लागली. पेपरातलं अर्धं वाचून पूर्ण डॉक्टर झालेला मी म्हणालो, "परदेशात घोड्यांच्या सांध्यात मूळपेशी टोचतात. गुण येतो."

"मूळ कुठं मिळतं, मास्तर?"

मला विनोद सुचला. "जव्हारच्या जंगलात!"

महिन्याने पाहिलं, तर घोडी वाळूत आडवी, गुडघा सुजून फुटलेला आणि त्यावर कसलासा लेप.

"डॉक्टरला नाही दाखवलंत?"

"तुमी मूळ सांगितलं ना. तीनदा जव्हारला जाऊन आणलं." घोडीकडे बघत त्याने हळूच विचारलं, "मी चुकीचं मूळ आणलं काय, मास्तर?"

मी मान डोलावली.