बोटभर फट
परवा शेजारी सुतार दाराला रंधा मारत होता, आणि त्या ओलसर लाकडाच्या वासाने मी पुन्हा नागपूरच्या टोकाच्या लेआउटमधल्या माझ्या भाड्याच्या खोलीत जाऊन अडकले. चार दिवस पावसाची झड लागली होती आणि अकरा वाजता एका शाळेत भूगोलाचा पाठ घेऊन दाखवायचा होता. आवडला तर नोकरी पक्की. साडी नेसायला म्हणून मी दार जोराने ढकलून बंद केलं, ते उघडेचना. कडी निघाली, पण दार चौकटीत रुतून बसलं होतं. खिडकीला ग्रिल, त्यापलीकडे रिकाम्या प्लॉटात साचलेलं पाणी. मी आतून ओढत होते, घरमालकीण काकू बाहेरून खांदा लावत होत्या. "पावसाळ्यात इथं दार पुरं नाही लावत वं कोणी," त्या धापा टाकत म्हणाल्या, "खालची जमीन फुगते, चौकट दाबून टाकते. सांगाचं राहूनच गेलं." सुताराला आणायला निघताना त्यांनी विचारलं, "काय शिकवून दाखवाचं होतं तुले?" मी म्हटलं, "काळी माती. पाणी प्यायली की फुगते, वाळली की भेगाळते." "मंग तुले त सारं मालूमच होतं," त्या हळूच म्हणाल्या. सुतार आला तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. ती नोकरी दुसऱ्या कोणाला मिळाली. आता माझं स्वतःचं घर आहे, त्याच मातीवर. उन्हाळ्यात दारांना बोटभर फट पडते, पाहुणे म्हणतात, बुजवून घ्या. मी हो म्हणते, आणि बुजवत नाही.