फ्रिजच्या बटणाला सील

तीन मार्चला ऑपरेटरबाईंनी सहा हजार आठशे पन्नास मोजून आइस्क्रीमचं विजेवर चालणारं मशीन घरी आणलं. त्यातले चारशे पन्नास त्यांना कमी पडत होते. ते यजमानांनी दिले, उसने म्हणून, आणि उसने आहेत हे दोनदा बोलूनही दाखवलं.

यजमान वीज कंपनीत मीटर वाचायच्या कामावर होते. उभा जन्म लोकांच्या जिन्याखाली वाकून आकडे टिपण्यात गेलेला. रिकाम्या खोलीत दिवा जळताना दिसला की ते आधी तो बंद करत, मग तो दिवा शेजाऱ्याचा का असेना. इमारतीत त्यांना सगळे युनिटराव म्हणत. साऱ्या इमारतीत आपल्या घराचं बिल सर्वांत कमी, हे ते इतरांनी मुलांचे मार्क सांगावेत तसं सांगत. अशा गृहस्थाच्या ओट्यावर विजेची आणखी एक वस्तू येऊन बसली, तेव्हा त्यांनी आधी तिच्या तळाशी चिकटवलेली पट्टी वाचली आणि ती किती वॅट खाणार ते पाहून घेतलं.

खरं तर त्यांनी स्वस्तातली सोय काढली होती. तळमजल्यावरच्या टेलरमास्तरांकडे असंच मशीन धूळ खात पडलेलं होतं आणि मास्तर ते दोन हजारांत द्यायला राजी होते. बाईंनी साफ नकार दिला. मास्तरांच्या मशीनमध्ये दूध फिरलेलं होतं, आणि एकदा दूध फिरलेलं भांडं त्यांच्या कामाचं नव्हतं.

याचं कारण त्यांची नात. लेकीची ही एकुलती एक मुलगी, घरात चिमणी म्हणत. तिला दूध चालत नसे. चालत नसे म्हणजे चमचाभर पोटात गेलं तरी ओठ सुजायचे, श्वास लागायचा; एकदा तर अख्खी रात्र दवाखान्यात काढावी लागली होती. गेल्या वर्षी तिच्याच वाढदिवसाला बाकीची पोरं आइस्क्रीमच्या वाट्या चाटत होती आणि चिमणी सफरचंदाच्या फोडी घेऊन बसली होती. एका नव्या मुलानं तिच्यापुढे चमचा धरला, तेव्हा ती म्हणाली, "मला चालत नाही." रडली नाही, रुसली नाही. दुकानदारानं माल संपला म्हणून सांगावं, तसं सांगितलं. बाईंना तो आवाज लागला. सहा वर्षांच्या पोरीचा आवाज असा नसतो, एवढंच त्या घरी येताना म्हणाल्या. युनिटराव तेव्हा जिन्यातला दिवा बंद करत होते.

बाई एका मोठ्या हॉस्पिटलच्या फोनवर बसत. सकाळची पाळी. दिवसभर घाबरलेली, चिडलेली, रडवेली माणसं त्यांच्या कानाशी येत आणि त्या प्रत्येकाला एकाच सुरात सांगत, "थांबा, लावते." लाईन लागली नाही तर पुन्हा लावत. त्यांच्या तोंडून "लागत नाही" हे शब्द कुणी ऐकले नव्हते. "अजून लागली नाही" असं त्या म्हणत. या आवाजात त्यांनी चिमणीला फोनवर शब्द दिला होता, की यंदा वाढदिवसाला, तीस मार्चला, सगळ्यांच्या वाटीत एकच आइस्क्रीम असेल आणि ते तूही खाशील. चिमणीनं दुसऱ्याच दिवशी शाळेत सगळ्यांना सांगून टाकलं. आता माघार नव्हती.

बाजारात बिनदुधाचं म्हणून मिळतं त्यावर लेकीचा भरवसा नव्हता, कारण ते कुठल्या भांड्यात बनलं हे कोण सांगणार. म्हणून घरी करायचं आणि नारळाच्या दुधाचं करायचं, असं बाईंनी ठरवलं. त्यासाठी नवी गाळणी आली, नवे चमचे आले, एक नवं पातेलं आलं. ते सगळं वेगळ्या फळीवर गेलं आणि त्या फळीला हात लावायची युनिटरावांनाही बंदी झाली.

मशीनची गंमत अशी होती की त्याला स्वतःची थंडी नव्हती. त्याचं भांडं दुहेरी भिंतीचं. ते आधी अख्खा दिवस नि अख्खी रात्र फ्रिजरमध्ये ठेवायचं, म्हणजे भिंतीच्या आत भरलेलं जे काही असेल ते गोठायचं. मग भांडं मशीनवर बसवायचं, वरून मिश्रण ओतायचं, आणि ते भिंतीला धरेल तसं फिरतं पातं खरवडत राहायचं. भिंतीत काय आहे ते दिसत नव्हतं, हलवून कळत नव्हतं. भांडं हाताला गार लागलं की झालं, असं समजायचं.

पहिला घाणा बाईंनी कामावरून आल्यावर संध्याकाळी लावला. नारळाचं दूध, साखर, कोको, चिमूटभर मीठ. मशीन अर्धा तास घरघरलं आणि भांड्यात गार सार तयार झालं. युनिटराव ते कपातून प्यायले आणि चव चांगली आहे असं त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. बाईंनी भांडं धुऊन परत फ्रिजरमध्ये ठेवलं.

दुसऱ्या कुणी हात टेकले असते किंवा एकदम सगळंच बदलून पाहिलं असतं. बाईंची रीत निराळी. फोनच्या स्विचबोर्डात बिघाड झाला की एका वेळी एकच तार काढून बघायची, नाहीतर दोष कशात होता ते कळतच नाही, हे त्या नोकरीत शिकल्या होत्या. दुसऱ्या घाण्याला त्यांनी फक्त मिश्रण आदल्या रात्री करून फ्रिजमध्ये गार होऊ दिलं. सार थोडं दाट झालं. तिसऱ्याला साखर कमी केली, कारण साखर जास्त झाली तर गोठत नाही असं हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरातल्या आचाऱ्यानं सांगितलं होतं. भिंतीला बोटभर कड धरली, मधे सगळं पातळच. मध्यंतरी लेकीचा फोन आला. तिनं हळूच सुचवलं, की आई, नाही जमलं तर राहू दे, मी तिची समजूत घालेन, तिला सवय आहे.

"तीच सवय मोडायचीय," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

या सगळ्या दिवसांत युनिटराव बायकोला आडून आडून न्याहाळत होते. सुरुवातीला त्यांना साडेसहा हजारांच्या वर खर्चाचं वाईट वाटलं होतं. मग नारळाच्या दुधाच्या डब्यांचं वाटायला लागलं. पण आठ तास फोनवर घसा कोरडा करून आलेली बाई पदर खोचून पुन्हा पातेलं हातात घेते, रविवारीही जादा पाळी करते आणि एकदाही कुणावर चिडत नाही, हे पाहून त्यांना आपल्या हिशेबाची जरा लाज वाटू लागली. चौथा घाणा लावायच्या आत आपणही काही मदत करावी असं त्यांच्या मनात आलं. काय करावं ते मात्र सुचेना.

सत्तावीस तारखेला, गुरुवारी, ते दुपारी नेहमीसारखे घरी आले. या वेळी बाई घरी नसायच्या. आज होत्या. चष्मा विसरला म्हणून परत आल्या होत्या आणि मग गेल्याच नव्हत्या. स्टूल टाकून फ्रिजसमोर बसल्या होत्या, एखाद्या पेशंटच्या उशाशी बसावं तशा.

"बसा," त्या म्हणाल्या. "आणि ऐका."

युनिटरावांनी कान दिला. "काय ऐकू?"

"तेच म्हणते. काही ऐकू येत नाही."

आवाजावर जगणाऱ्या बाईला दार उघडताच घर मुकं वाटलं होतं. फ्रिजची घरघर नव्हती. वीज गेली असावी म्हणून त्यांनी दिवा लावून पाहिला, तर दिवा लागला. मग त्यांची नजर फ्रिजच्या बटणावर गेली.

युनिटराव आधी तर खुलले. इतकी वर्षं कुणाला न सांगता चालवलेली युक्ती सांगायची संधी आली होती. घरात माणूस नसलं की फ्रिजचं दार उघडत नाही. दार उघडलं नाही की गारवा आत कोंडून राहतो. मग मोटर कशाला फिरवायची? निघताना बटण बंद, आल्यावर चालू. बाई सकाळच्या पाळीला लागल्या तेव्हापासूनचा हा शिरस्ता. इमारतीत सर्वांत कमी बिल उगाच येत नव्हतं.

"आणि कधी काही बिघडलं का?" त्यांनी विचारलं. "कधी दूध नासलं? भाजी सडली?"

"नाही," बाई म्हणाल्या. "गार राहतं सगळं. गोठत नाही."

ओट्यावर चौथ्या घाण्यासाठी काढलेलं भांडं ठेवलं होतं. युनिटरावांनी त्याच्याकडे पाहिलं, मग फ्रिजकडे, मग पुन्हा भांड्याकडे. रोज रात्री अर्धवट गोठायचं आणि रोज दुपारपर्यंत त्यांच्या काटकसरीत विरघळायचं. रविवारी बाई कामावर आणि हे पत्ते खेळायला बाहेर, म्हणजे रविवारीही तेच. त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. आता तोंडसुख घेतलं जाणार म्हणून ते मान खाली घालून उभे राहिले.

पण बाईंनी आवाज चढवला नाही. घाबरलेल्या माणसावर ओरडून लाईन लवकर लागत नाही, हे त्यांना पाठ होतं. त्या एवढंच म्हणाल्या, "तिनं शाळेत सगळ्यांना सांगून ठेवलंय हो."

युनिटराव आतल्या खोलीत गेले. कामाची पिशवी उघडून त्यांनी मोडीत निघालेलं एक शिशाचं सील, बारीक तार आणि सील दाबायची पक्कड आणली. बटण चालू केलं. बोर्डाच्या स्क्रूला तार अडकवून ती बटणावरून घेतली, दोन्ही टोकं सिलात ओवली आणि पक्कड दाबली. मीटरला लावतात तसंच, सफाईनं. फ्रिज घरघरायला लागला.

"आता हे तोडलं की दंड," ते म्हणाले.

"कुणाला?"

"मलाच. दुसरं कोण तोडणार?"

बाई बऱ्याच दिवसांनी हसल्या.

शुक्रवारी रात्री जेवणं झाल्यावर त्यांनी भांडं काढलं. या वेळी पातं आधी सुरू केलं आणि मगच मिश्रण ओतलं, बारीक धारेनं. युनिटरावांना मशीनजवळ उभं राहायची परवानगी मिळाली, बोलायची नाही. बाई डोळे मिटून ऐकत होत्या. सुरुवातीला मोटर हलकी वाजत होती. मग तिच्या आवाजाला वजन आलं. मग तो जाड झाला, घोगरा झाला, पातं अडखळू लागलं, आणि बाईंनी तत्क्षणी बटण दाबलं. आणखी फिरवलं असतं तर नारळाचं तेल सुटून रवाळ झालं असतं. झाकण उघडलं. आत गडद तपकिरी, रेशमासारखं, चमच्याला धरून उभं राहणारं आइस्क्रीम होतं. युनिटरावांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी चमचा पुढे केला तर बाईंनी त्यावर टिचकी मारली.

"आधी तिचं."

ते डब्यात भरून फ्रिजरमध्ये गेलं. भांडं धुऊन, कोरडं करून त्याच्या शेजारी. शनिवारी युनिटराव कामावर निघाले, तेव्हा हात सवयीनं बोर्डाकडे गेला, सिलाला लागला आणि मागे आला. रविवारी सकाळी दुसरा घाणाही तसाच उतरला.

दुपारी लेकीच्या घरी आठ पोरं गोल बसली. डबे उघडले. चिमणी आईच्या तोंडाकडे पाहू लागली, मग आजीच्या.

"मला चालतं?"

"सगळ्यांना चालतं," बाई म्हणाल्या आणि वाढायचा चमचा तिच्या हातात दिला. "तूच वाढ."

गेल्या वर्षीपर्यंत जिच्या पुढ्यात वेगळी ताटली यायची, ती पोरगी आता उभी राहून इतरांना वाढत होती. एकाला दोनदा हवं होतं. तिनं त्याला रांगेत यायला सांगितलं. शेवटी स्वतःची वाटी भरून घेतली, एक चमचा तोंडात घातला आणि तो तोंडात तसाच धरून बसली. "कसं आहे?" असं कुणीतरी विचारलं. तिनं तोंडातला चमचा काढून पुन्हा वाटीत बुडवला. लेक स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली. युनिटरावांना पाणी वाया जातंय हे दिसत होतं. त्यांनी नळाकडे पाठ केली.

सील अजून तसंच आहे. एप्रिलचं बिल आलं. इमारतीतल्या कमी बिलांत ते तिसऱ्या नंबरवर होतं. युनिटरावांनी ते टेलरमास्तरांना स्वतःहून दाखवलं आणि बायकोच्या आइस्क्रीमबद्दल अर्धा तास सांगितलं.

वाया गेलेल्या तीन घाण्यांचे नारळाच्या दुधाचे आठशे चाळीस होतात असं बाईंनी एका संध्याकाळी काढलं. त्यातून उसने घेतलेले चारशे पन्नास वजा केले. राहिलेल्या तीनशे नव्वदांपैकी युनिटरावांनी साडेतीनशे दिले आहेत. चाळीस बाकी आहेत.