नाव नसलेली पाटी

रस्त्याकडेला ऐतिहासिक पाटी दिसली की माझा नवरा गाडी थांबवतोच. ऐंशीच्या दशकातल्या त्या उन्हाळ्यात आम्ही जर्सी सिटीहून निघून नेब्रास्का, वायोमिंग करत यलोस्टोनपर्यंत गेलो, तेव्हा तर त्याच्या या हौसेला ऊत आला होता. इथून पश्चिमेला निघालेल्यांच्या बैलगाड्या गेल्या, इथे त्यांनी नदी ओलांडली, इथे सैन्याचा किल्ला होता. प्रत्येक ठिकाणी उतरायचं, वाचायचं, फोटो काढायचा. मी गाडीतच बसून राहायचे.

ही ट्रिप खरं तर माझ्यासाठी होती. हिवाळ्यात आमची दुसरी मुलगी जन्मली आणि दुसऱ्याच दिवशी गेली. बाळंतपणासाठी म्हणून माझ्या आईचं तिकीट काढलेलं होतं, ते पुढे ढकललं, आणि ती आली ती थेट उन्हाळ्यात, डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन. "बाळ नाही म्हणून काय झालं? तू बाळंतीण आहेसच की," असं ती म्हणाली आणि मी तिच्यावर खेकसले. त्यानंतर तिने तो विषय काढला नाही. नवऱ्याने तर आधीच तोंडाला कुलूप लावलं होतं. मला बरं वाटावं म्हणून सगळे गप्प होते, आणि त्या गप्प बसण्याचाच मला राग येत होता. कुणी बोललंच तर मी अंगावर धावून जायचे, ते वेगळं.

यलोस्टोनला जमिनीतून उकळतं पाणी आभाळात उडालं, तेव्हा आईने पायातले कॅनव्हासचे बूट काढून हात जोडले. "आजी, पुट युअर शूज ऑन!" आमची सात वर्षांची लेक ओरडली. सगळे हसले, मीही हसले, आणि हसल्याबद्दल मला स्वतःचाच संताप आला.

परतताना वायोमिंगमध्ये एका माळावर नवऱ्याने पुन्हा गाडी थांबवली. बैलगाड्यांच्या चाकांनी तिथल्या मऊ खडकात खोल चाकोऱ्या पडल्या होत्या. आई आणि लेक त्यांतून चालून बघत होत्या. नवरा थोडा पुढे एका छोट्या कुंपणापाशी गेला, तिथली पाटी त्याने वाचली आणि तसाच मागे फिरला. "चला, जाऊ या. इथे काही नाहीये."

फोटो नाही, व्याख्यान नाही. म्हणूनच मी गाडीतून उतरले.

कुंपणात एक दगड होता. आई माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. "काय लिहिलंय गं?"

"बाळ पुरलंय इथे. वाटेत गेलेलं. नाव नाही."

"बारशाच्या आत गेलं असेल," आई म्हणाली. वारा इतका होता की तिला पदर धरून ठेवावा लागत होता. मग माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "आपल्या बाळाचं काय ठेवणार होतीस?"

हे मला कुणी विचारलंच नव्हतं. नाव मी कधीच ठरवून ठेवलं होतं. नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं, कारण बारशाआधी नाव फोडायचं नाही, असं आईनेच शिकवलेलं.

"आता सांगून काय उपयोग?"

"माझ्या कानात सांग. आत्या बाळाच्या कानात सांगते, तसं." तिने कानावरचे केस मागे सारले आणि मान कलती केली.

मी वाकले आणि सांगितलं. इथे लिहीत नाही. ते तिचं आहे.

तेवढ्यात माझ्या पाठीत धपकन बुक्की बसली. मग दुसरी, तिसरी. आमची लेक! आदल्या वर्षी आमच्या बिल्डिंगमध्ये एक बारसं झालं होतं. कानात नाव सांगणाऱ्या आत्याच्या पाठीत सगळ्यांनी बुक्क्या मारायच्या, एवढी एकच गोष्ट तिला त्यात मनापासून आवडली होती.

नवरा धावत आला. "स्टॉप इट! आईला लागतंय."

"बट यू हॅव टू!" ती म्हणाली आणि मारत राहिली.

मी रडत होते. मोठ्याने, हिवाळ्यापासून पहिल्यांदाच.

"तिला अडवू नका," आई जावयाला म्हणाली, आणि मग नातीला, "मार गं, जोरात मार. बारसं आहे."