तुळसाचा कोरस

कोपरीच्या चाळीत केशरबाईंची गाण्याची पार्टी होती. केशरबाई पुढे बसून गायच्या, मागे बायका कोरस धरायच्या. शालनची आई तुळसा त्या मागच्यांतली. तिचा एकही फोटो नाही. उरली होती भीमजयंतीला कुणीतरी भरलेली एक कॅसेट, आणि तिच्यात ओळीच्या टोकाला जरा उशिराच पोचणारा तिचा आवाज. माणूस गेल्यावर आवाज कुठे राहतो? शालनकडे तो कपाटात, साड्यांखाली राहत होता. टेपरेकॉर्डर केव्हाच मोडीत गेला होता.

औषधांच्या कारखान्यातून शालन निवृत्त झाली, त्याच सुमारास जवळचं वाचनालय जुनी गाणी जमवतंय असं कानावर आलं. तिने कॅसेट रुमालात बांधून नेऊन दिली.

पुढच्या आठवड्यात ग्रंथपाल राजरत्नने तिच्या कानांना हेडफोन लावले. "ऐका मावशी. एआयने कसलं झकास साफ केलंय!"

केशरबाई काल गायल्यासारख्या आल्या. शालन ओळीच्या टोकाशी थांबली. आई आली नाही. पुढच्या कडव्यालाही नाही.

"अरे, माझी आई कुठंय? कोरस?"

राजरत्नने संगणकाच्या पडद्यावर पाहिलं. "मशीनने गोंगाट समजून काढला वाटतं."

"चाळीतले बाप्येपण गोंगाटच म्हणायचे." मग तिने एकदम विचारलं, "मूळचं आहे ना रे? की पुसलंस?"

"छे हो. मुळाला हात लावत नाही आम्ही."

त्याने मूळ लावलं. खरखर, कुणाचं तरी रडणारं पोर, थाळीचा ठेका. आणि ओळ संपता संपता, उशिराच, तुळसा. शालनने टेबलाची कड घट्ट धरली.

"साफ केलेलं काढून टाकतो," राजरत्न ओशाळून म्हणाला.

"नको. केशरबाई इतक्या स्पष्ट मी जन्मात ऐकल्या नव्हत्या. दोन्ही ठेव. पण मशीनने काय गिळलं, तेही खाली लिही."

त्याने तसं लिहिलं. वर नोंद होती : केशरबाई आणि मंडळी.

"मंडळींना नावं होती," शालन म्हणाली.

तिने पुन्हा ऐकलं आणि एकेक नाव त्याला सांगत गेली. तुळसा. शेवंती. दगडूची बायको पारू. एक बारीक, गोड आवाज मात्र काही केल्या ओळखू येईना.

"मशीनला विचारू? ते अंदाज सांगेल."

"ते कधी आमच्या चाळीत आलेलं? मोकळी ठेव ती जागा," शालन हेडफोन काढत म्हणाली. "तिचीही लेक असेल कुठंतरी. येईल ऐकायला."