वन्यजीव शाखेची शेवटची अट

घरात तिला मोठी म्हणत, कारण पाठीवर धाकटी होती. वनशास्त्राच्या कॉलेजात कुणीतरी ते नाव ऐकलं आणि तिथंही ती मोठीच झाली. अंगापिंडानं मात्र ती वर्गात सगळ्यांत बारकी.

वडील लवकर गेले. आई दवाखान्याच्या धुलाईघरात कामाला होती. दिवसभर चादरी आणि वाफ. लेक जंगलाचं शिकते एवढंच तिला ठाऊक, आणि तेवढं ती शेजारपाजारी पुरवून पुरवून सांगायची.

त्या पदवीची वाट काही सोपी नव्हती. पहिली वर्षं सगळ्यांना सारखीच. माती, झाडांची ओळख, नकाशे, उन्हाळ्यातलं शिबिर, आणि भल्याभल्यांना रडवणारं संख्याशास्त्र. मोठीनं त्यात आपटी खाल्ली, पुन्हा बसली, सुटली. मग शाखा निवडायची होती: लाकूड किंवा वन्यजीव. तिनं डोळे मिटून वन्यजीव घेतली. पाणथळीवरच्या पक्ष्यांचा मोठा प्रकल्प पुढं सुरू व्हायचा होता. ती आणि तिचा वर्गातला जोडीदार लंबू, दोघांनी तिथं जायचं पक्कं करून टाकलं होतं.

या शाखेची शेवटची अट म्हणजे पक्षीगणनेची परीक्षा. भल्या सकाळी झाडीत उभं राहायचं आणि नुसत्या आवाजावरून पक्षी ओळखायचे. दाट पानांत पक्षी दिसतो कुठे? त्यामुळे ही अट चुकवून कुणालाच पदवी मिळत नसे.

सरावाच्या पहिल्याच सकाळी लंबू कुजबुजला, "ऐकलास? वटवट्या. काय चिरकतोय बघ!"

मोठीनं कान टवकारले. कावळा होता, पारवा होता, लांब कुठंतरी सुतार पक्षी लाकूड ठोकत होता. वटवट्या नव्हता.

"हो, ऐकला," ती म्हणाली.

थोड्या वेळानं लंबूनं वर बोट केलं. डोक्यावरच्या फांदीवरच वटवट्या बसला होता. चोच उघडी, गळा थरथरतोय. आणि मोठीच्या कानांत काही म्हणजे काही नाही.

सर्दी असेल, असं तिनं मनाला समजावलं. मग सरावाचे आवाज ऐकायचा इअरफोन बिघडला असेल. तिनं दुसरा आणला, आवाज शेवटपर्यंत वाढवला. जाड आवाज कान फोडू लागले, बारीक आवाज मात्र गायबच. मग लंबूला सांगणं भाग पडलं. त्यानं प्रश्न विचारले नाहीत. सरावात तो मांडीवर बोटं आपटायचा. एकदा वटवट्या, दोनदा फुलटोच्या. आठवडे असेच ढकलले.

परीक्षेत प्रत्येकाला वेगवेगळं उभं केलं. मोठी एकटी पडली. कोरा कागद द्यायची लाज वाटली म्हणून तिनं अंदाजानं नावं लिहिली. पक्ष्यांचे सर कागद बघून म्हणाले, "अगं, यातले दोघं या ऋतूत इकडं फिरकतसुद्धा नाहीत. काय ऐकलंस तू?"

ती तिथून निघाली ती थेट दवाखान्यात गेली.

कानाच्या डॉक्टरांनी तिला काचेच्या खोलीत बसवलं आणि आवाज आला की बटण दाबायला सांगितलं. बराच वेळ आवाजच आला नाही. यंत्र चालू झालं नसेल असं वाटून तिनं काचेपलीकडं पाहिलं. पलीकडची बाई यंत्राची बटणं फिरवतच होती. डॉक्टर म्हणाले, "बारीक, उंच पट्टीतले आवाज गेलेत. ते परत येत नाहीत. बोलणं अजून बरं आहे, पुढं मशीन लागेल. घरात कुणाला असं होतं?"

तो प्रश्न तिनं तसाच घरी नेला. आई पोळ्या लाटत होती.

"मावशीला," आई म्हणाली. लाटणं थांबलं. "आम्ही म्हणायचो, तापानं गेले तिचे कान. तसं म्हटलेलं बरं वाटायचं."

"आणि आजीला?"

आईनं लाटणं बाजूला ठेवलं.

"आई, तुला माहीत होतं?"

"माहीत काय असतं गं? भीती होती. भीती कुणी लेकराला सांगतं का?" तिनं पदराला हात पुसले. "तू पक्ष्यांचं म्हणालीस तेव्हा माझ्या काळजात चर्र झालं होतं. पण तू इतकी खुशीत होतीस."

मोठीला आईवर ओरडायचं होतं. तेवढ्यात आई उठली, दारात पुस्तक घेऊन बसलेल्या धाकटीच्या पाठीमागं गेली आणि अगदी हळू, जेमतेम ओठ हलवून म्हणाली, "बाळ."

धाकटीनं वळून पाहिलं. "काय गं?"

"काही नाही," म्हणत आईनं भिंतीचा आधार घेतला. मोठी ओरडली नाही; उरलेल्या पोळ्या तिनं लाटायला घेतल्या.

दुसऱ्या दिवशी ती विभागप्रमुखांच्या दारात उभी राहिली. तिनं कानांचं सांगून विनवण्या केल्या; पक्ष्यांच्या सरांना मात्र हे कळवू नका म्हणाली. आवाजाचं चित्र काढणारं यंत्र असतं, ते चित्र मी वाचीन. एवढी एक अट सोडून द्या. विभागप्रमुख वाईट माणूस नव्हते. त्यांनी तिला बसवलं, पाणी दिलं.

"एकदा सूट दिली की पदवीला अर्थ राहत नाही, मुली. उद्या तुझ्या गणनेवरून कुणी जंगल तोडायचं की राखायचं ठरवेल. फेरपरीक्षा आहे. ती दे."

"कशाच्या जोरावर देऊ, सर?"

फेरपरीक्षा हुकली तर शाखा बदलायची, एवढंच त्यांनी सांगितलं. म्हणजे लाकडाचे सगळे विषय पहिल्यापासून आणि वर्ष जादा.

त्या दिवसांत ती नीट जेवली नाही. बसमध्ये बसायची आणि उतरायची जागा निघून जायची. शेवटी बुडत्यानं हात मारावा तसा तिनं मार्ग काढला. लंबूनं लांब झुडपाआड उभं राहायचं आणि फोन करायचा. तिच्या खिशातला फोन थरथरेल. एकदा वटवट्या, दोनदा फुलटोच्या.

"पकडले गेलो तर दोघांनाही काढतील," लंबू म्हणाला.

"मग नको येऊस."

"येतो म्हटलं ना."

फेरपरीक्षेच्या सकाळी सगळं सुरळीत चाललं होतं. फोन थरथरला, तिनं लिहिलं. पुन्हा थरथरला, पुन्हा लिहिलं. सर तिच्या खांद्यावरून कागद बघत होते आणि त्यांचा चेहरा उजळत होता.

"शाब्बास! मला वाटलंच होतं, त्या दिवशी तू घाबरली होतीस. हा आत्ताचा वटवट्या कुठं आहे? नुसतं बोट दाखव."

मोठीनं हात उचलला. हात छातीपर्यंत आला आणि तिथंच राहिला. खिशात फोन पुन्हा थरथरला. समोर झाडंच झाडं, आणि लांब झुडपाआडून लंबूच्या टोपीचं टोक दिसत होतं. सरांनी मान वळवली असती तर त्यांनाही दिसलं असतं.

"सर, मला ऐकू येत नाही," ती मोठ्यानं म्हणाली. सरांची नजर तिच्यावर खिळली. "कधीच येत नव्हतं. हे सगळं मी अंदाजानं लिहिलंय. माझं मीच."

सरांनी तिच्या हातातून कागद हलकेच काढून घेतला. झुडपाकडं त्यांनी पाहिलं नाही. मुद्दाम पाहिलं नाही की काय, हे तिला कधीच कळलं नाही.

शाखा बदलली. ओंडक्यांची मापं, करवतींचे प्रकार, लाकडाचा बाजार, सगळं तिनं दात आवळून पुरं केलं. पदवी हातात आली तेव्हा धुलाईघरातल्या बायकांनी आईला खुर्चीवर बसवून टाळ्या वाजवल्या. मोठीनं तो कागद आईकडंच ठेवला. तिला तो बघवत नव्हता.

लंबू पाणथळीवर गेला. सुरुवातीला पक्ष्यांचे आवाज पाठवायचा. मग त्याच्या लक्षात आलं असावं. फोटो पाठवू लागला. पुढं तेही बंद केलं. काही पाठवलं तरी तिला लागायचं, न पाठवलं तरी लागायचं.

तिला लाकडाच्या डेपोत काम मिळालं. पहिल्याच दिवशी तिनं मुकादमाला बाजूला घेतलं. लपवाछपवीचा तिला वीट आला होता.

"काका, आधीच सांगते. गाडी मागं येताना जी बारीक शिटी वाजवते ना, ती मला ऐकू येत नाही."

"काय?" मुकादमानं कानामागं हात नेला.

"म्हटलं, मला शिटी ऐकू येत नाही!"

"हात्तिच्या! अगं, या करवतींपायी इथं कुणाला येते? आम्ही सगळे ठार बहिरे. मागं बघत चालायचं, झालं."

तिला हसू आलं. खूप दिवसांनी आलं, आणि हसता हसता कधी रडू फुटलं ते तिलाच कळलं नाही. मुकादम गडबडला. त्यानं तोंड फिरवलं, खिशातून खडू काढला आणि ओंडक्यांवर आकडे घालू लागला. थोड्या वेळानं त्यानं मागं न बघताच दुसरा खडू तिच्याकडं धरला. तिनं तो घेतला.