व्याह्यांचा स्वेटर आणि दुधीचा मांडव

आमच्या होणाऱ्या व्याह्यांचं डोकं ऐन चैत्रात एका लोकरीच्या स्वेटरात अडकलं होतं, आणि तो स्वेटर मी विणला होता.

आता चैत्रात स्वेटर का, हा प्रश्न तुम्हाला पडला असेल. तो आमच्या घरात सगळ्यांनाच पडला होता. फक्त मला पडला नाही.

मी फिटर माणूस. उभं आयुष्य तळेगावच्या बाजूला एका कारखान्यात यंत्रांच्या पोटात डोकं घालण्यात गेलं. निवृत्त होऊन कुसगावच्या घरी बसलो, तेव्हा घरात खोलण्यासारखं जे जे होतं ते मी पहिल्या महिन्यातच खोलून ठेवलं. (त्यातलं बरंचसं अजून खोललेलंच आहे, असं आमच्या शोभाचं म्हणणं.) मग तिनंच मला लोणावळ्यातल्या बंगल्यांमधल्या बारीकसारीक दुरुस्त्यांच्या कामाला पिटाळलं. तिथल्या एका बाईंनी बंगला आवरायला काढला होता. त्यांच्या माळ्यावर एक लांबलचक पेटी निघाली. आत सुयांची रांगच्या रांग, आणि त्यावरून डावीउजवीकडे सरकणारी एक गाडी.

"हे काय हो?" मी विचारलं.

"स्वेटर विणायचं मशीन. बंद पडलंय. भंगारात देणारे."

भंगारात! यंत्र! माझ्यादेखत! मी ती पेटी लेकरासारखी छातीशी धरून रिक्षातून घरी आणली.

मशीन जेवणाच्या टेबलावर बसलं आणि आम्ही जमिनीवर जेवायला बसू लागलो. घाण साफ केली, तेल पाजलं, वाकलेल्या सुया सरळ केल्या. आणि एके सकाळी गाडी डावीकडून उजवीकडे सरकवली, तर घर्रर्र-खट! एका झटक्यात टाक्यांची अख्खी ओळ! उजवीकडून डावीकडे, घर्रर्र-खट! दुसरी ओळ! दुपारपर्यंत टेबलाखाली लोकरीचा एवढा लांब पट्टा लोंबत होता की शोभा स्वयंपाकघरातून ओरडली, "अहो, हे काय विणताय?"

"ते अजून ठरलं नाही," मी म्हणालो.

शोभाचा जीव तिच्या बागेत. घरामागच्या तेवढ्याशा जागेत तिनं माघात टोमॅटो, मिरच्या, वांगी लावली होती आणि बांबूचा मांडव उभारून त्यावर दुधीचा वेल चढवला होता. चैत्र लागेपर्यंत मांडवाखाली दुधी असे लोंबायला लागले की जाणाऱ्या-येणाऱ्यानं मान वर करून बघावं. माझ्या बिनकामाच्या पट्ट्यांचे तुकडे करून तिनं टोमॅटोची रोपं काठ्यांना बांधली आणि म्हणाली, "सुतळीपेक्षा बरे आहेत हो. देठाला काचत नाहीत."

बायकोनं माझ्या हातच्या कुठल्याही वस्तूची केलेली ही पहिली स्तुती. इथंच माझं डोकं फिरलं.

त्याच सुमाराला आमच्या प्राजक्तानं लग्नाचं सांगितलं. मुलगा तिच्याच ऑफिसातला, अमोल. घर पवनेच्या धरणाकडच्या तिकोणा पेठ गावात, आईवडील शेतकरी. मुलगा चांगला होता, पण त्याच्या आईवडिलांना शहरातली नोकरीवाली सून नको होती. घरात टिकेल का, माणसांत मिसळेल का, अशा त्यांच्या शंका. शेवटी "एकदा घर बघून येतो, मग बोलू" एवढ्यावर ते तयार झाले. प्राजक्ता दोन्ही हात जोडून म्हणाली, "आई, बाबा, एवढा एक दिवस नीट पार पाडा. बाबा, विशेषतः तुम्ही."

"म्हणजे काय? मी काय करतो?"

दोघींनी एकमेकींकडे बघितलं.

मी ठरवलं, व्याह्यांना हातानं केलेली वस्तू भेट द्यायची. स्वेटर! पवनेच्या धरणाकाठी हिवाळ्यात थंडी किती पडते! शोभा म्हणाली, "हिवाळा गेला." मी म्हणालो, "परत येईल."

मापासाठी प्राजक्तामार्फत व्याह्यांचा एक शर्ट मागवला. छाती मोजली, बाह्या मोजल्या. आणि गळा? गळ्याचं माप मी कॉलरवरून इतकं तंतोतंत घेतलं की सूतभर इकडे नाही की तिकडे नाही. सैल गळ्यातून वारा शिरतो ना! फिटरचं काम म्हणजे कसं घट्ट पाहिजे. शर्टाच्या गळ्याला बटण असतं, स्वेटरच्या गळ्याला नसतं, आणि माणसाचं डोकं त्याच्या गळ्यापेक्षा मोठं असतं, या तीन गोष्टी मला वेगवेगळ्या माहीत होत्या. एकत्र त्या कधी डोक्यात आल्या नाहीत.

इथवर थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण पाहुणे यायच्या आदल्या दिवशी बागेत चक्कर मारताना मला मांडवाच्या सुतळ्या खुपल्या. काळ्या पडलेल्या, धागे निघालेल्या. मी शोभाला म्हणालो, "पाहुणे मांडवाखाली बसणार. त्यांना या सुतळ्या दाखवायच्या? बांबूंच्या जोडांना माझे पट्टे बांधतो. रंगीत दिसतील."

"अहो, लोकर ती! ताणली जाते."

"शोभा, ताण म्हणजे काय ते तू मला सांगतेस?"

ती बिचारी वांग्यांना पाणी घालायला निघून गेली. मी सगळ्या सुतळ्या सोडून नारिंगी पट्टे आवळले. मांडव असा सजला की काय सांगू!

रविवारी दुपार कलायच्या सुमारास मोटारसायकलवर व्याही आणि विहीणबाई आले. किसनभाऊ अंगानं दणकट, कपाळ भव्य. (ते भव्य कपाळ बघूनही माझ्या डोक्यात काही वाजलं नाही.) सुमनताई ठेंगण्या, नजर कडक. जय भीम झाला, पाणी झालं, आणि शोभा त्यांना मागे बागेत घेऊन गेली. खुर्च्या मांडवाखालीच मांडल्या होत्या.

किसनभाऊंनी वर बघितलं. "लय झ्याक धरलाय की वो दुधी! आमच्या मळ्यात बी असा न्हाई."

शोभा लाजली. प्राजक्ताचा चेहरा उजळला. सुमनताई मात्र चहा पिता पिता प्राजक्ताला एकेक प्रश्न विचारत होत्या. भाकरी येती का? हो, येते. पहाटं उठाया जमंल का? जमेल. तिच्या उत्तरावर त्या फक्त "हं" म्हणत, आणि त्या "हं"मधून काहीच कळत नव्हतं. सगळं त्या "हं"वर अडलं होतं.

वातावरण जरा सैल करावं म्हणून मी पुडकं पुढं केलं. "भाऊ, तुमच्यासाठी. माझ्या हातचा."

"आरारा! कशापायी?" त्यांनी स्वेटर उलगडला. "लय गरम हाय." त्यांच्या कपाळावर तेवढ्यानंच घाम आला होता.

"घालून तर बघा!"

"आत्ता?" त्यांनी बायकोकडे बघितलं. सुमनताई म्हणाल्या, "एवढं प्रेमानं केलंय, घाला की."

भला माणूस! त्यांनी हात वर केले, बाह्यांत घातले आणि स्वेटर डोक्यावर ओढला. डोकं आत गेलं. बाहेर आलं नाही.

आम्ही थोडा वेळ वाट बघितली.

"पाव्हणं," आतून आवाज आला, "वाट कुटं हाय?"

"वर! वर या!" मी म्हणालो आणि स्वेटर खाली ओढला. तो आणखी घट्ट बसला. गळ्यातून किसनभाऊंच्या डोक्यावरचे चार केस तेवढे बाहेर आले. मग मी वर ओढला, तर बाह्या कोपराशी अडकल्या आणि त्यांचे दोन्ही हात आकाशाकडे गेले ते तसेच राहिले.

"बाबा!" प्राजक्ता हे एवढंच म्हणाली, पण त्यात सगळं आलं.

आणि नेमकी तेव्हाच मांडवावर धप्पकन माकडं आली! एक दांडगा हुप्प्या आणि त्याच्यामागे त्याचं कुटुंब. हुप्प्यानं एक दुधी तोडला, चावा घेतला, तोंड वाकडं केलं आणि फेकला. मग दुसरा. हाही तसाच निघतो की काय, म्हणून तिसरा!

"अहो, बघताय काय? त्या माकडाला हाकला!" शोभा किंचाळली.

"मी जातो की," स्वेटरातून किसनभाऊ अत्यंत नम्रपणे म्हणाले, "पर आधी ह्यातनं भाईर तरी काडा."

"तुम्हाला नाही हो भाऊ! तुम्हाला नाही!" शोभा रडकुंडीला आली.

तेवढ्यात माझ्या पट्ट्यांनी मान टाकली. एकदम नाही. मांडव एकदम पडला असता तर बरं झालं असतं, निदान विषय संपला असता! माकडांच्या वजनानं लोकर ताणली जाऊ लागली आणि अख्खा मांडव हळूहळू, सावकाश, एखाद्या मोठ्या हॉटेलातल्या लिफ्टसारखा खाली येऊ लागला. लोंबते दुधी आधी खांद्याशी आले, मग कानाशी. शोभानं धावत जाऊन एक कोपरा धरला. प्राजक्तानं दुसरा. सुमनताईंनी पदर खोचून तिसरा पेलला. आणि चौथा कोपरा आपसूक येऊन किसनभाऊंच्या वर गेलेल्या हातांवर टेकला.

"आता हे काय आलं हातावर?"

"मांडव हाय," सुमनताई म्हणाल्या. "धरा!"

त्यांनी धरला. काय आहे, कशाचा आहे, काही न विचारता धरला. असा व्याही शोधून मिळणार नाही!

आता मोकळे हात माझे एकट्याचेच. मी आधी पातेल्यावर पळी बडवून माकडं पळवली. मग घरातून कात्री आणली आणि व्याह्यांसमोर उभा राहिलो. आणि हात थांबला. लाज वाटते सांगायला, पण थांबला. माझ्या आयुष्यातला पहिला पुरा झालेला स्वेटर! गळा इतका सुबक बसला होता! मी म्हणालो, "जरा साबणाचं पाणी लावून बघू का?"

तिसऱ्या कोपऱ्यावरून सुमनताई गरजल्या, "पाव्हणं, तुमाला सोयरीक पायजे का सोटर?"

मी कात्री चालवली. गळा टरकला आणि किसनभाऊंचं डोकं बाहेर आलं. घामानं निथळलेलं, लालबुंद, भुवयांवर नारिंगी लोकर चिकटलेली. त्यांनी सावकाश चौफेर बघितलं. बायको, विहीण आणि होणारी सून तीन कोपऱ्यांवर हात वर करून उभ्या. पायाशी उष्ट्या दुधींचा सडा. स्वतःच्या डोक्यावर मांडव.

"मी आत गेलतो," ते म्हणाले, "तवा तर समदं ठीक हुतं."

प्राजक्ताच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. हात वर असल्यामुळे तिला ते पुसताही येत नव्हतं. पोरीनं एक दिवस मागितला होता, एकच, आणि मी त्याची ही वाट लावली होती.

आणि मग सुमनताईंच्या तोंडून एक चमत्कारिक आवाज आला. मला वाटलं, रागानं धाप लागली. पण त्या हसत होत्या! आधी दाबून, मग खदाखदा, मग अंगात बळच उरलं नाही इतक्या. "वाट कुटं हाय म्हनं! मी जातो की म्हनं!" असं म्हणत त्यांनी पोट धरायला दोन्ही हात खाली घेतले.

ते घ्यायला नको होते. तिसरा कोपरा गेला, पाठोपाठ उरलेले तिन्ही, आणि दुधीचा अख्खा मांडव पानाफुलांसकट आम्हा पाचही जणांवर येऊन बसला.

पानांखाली सगळ्यात आधी ऐकू आलं ते प्राजक्ताचं हसू. मग शोभाचं. मग किसनभाऊंचं गडगडाटी. मी शेवटी हसलो, सगळे हसतायत याची नीट खात्री करून.

बाहेर निघाल्यावर किसनभाऊंनी बाह्या सारल्या. "सुतळी हाय का घरात?" शोभानं माझ्याकडे एकच कटाक्ष टाकत बिंडा आणून दिला. आम्ही पाचही जण मांडव उभारायला लागलो. प्राजक्ता बांबू धरायची, सुमनताई गाठी मारायच्या, आणि मला फक्त सुतळी पुरवायचं काम दिलं होतं. मधेच सुमनताई दातात सुतळी धरून प्राजक्ताला म्हणाल्या, "पोरी, मघाशी तू कोपरा सोडला न्हाईस. रडाया आलीस, पर सोडला न्हाईस."

"तुम्ही सोडलात म्हणून गेला," प्राजक्ता म्हणून गेली आणि तिनं जीभ चावली.

सुमनताईंनी तिच्याकडे रोखून बघितलं. "ह्ये बरं बोललीस. घरात कुनीतरी खरं बोलाया पायजेच." आणि शोभाकडे वळून म्हणाल्या, "तारीक कंदी धरायची, विहीणबाई?"

शोभाच्या हातातली कात्रीच खाली पडली. मी देवाचं, दैवाचं काही मानत नाही, पण त्या दिवशी त्या हुप्प्याला मनातल्या मनात हात जोडले.

लग्न व्यवस्थित झालं. (मांडववाला बाहेरचा होता.) त्यानंतर पहिल्यांदाच आम्हाला तिकोणा पेठेहून जेवणाचं बोलावणं आलं. फोनवर स्वतः किसनभाऊ होते. "या, या! समदे या! पर पाव्हणं, एक इनंती हाय. येताना रिकाम्या हातानं या."

निघताना शोभानं माझी पिशवी तपासली. मग पुन्हा एकदा उलटी करून तपासली. आत काहीही नव्हतं.

(पायमोजे खिशात होते.)