हळूबाई

माधवनगरात हळू बोलणारा माणूस एकतर आजारी असतो, नाहीतर उसने मागायला आलेला असतो. दिवसरात्र यंत्रमागांचा खडखडाट. त्यात वाढलेली आम्ही माणसं शेजारणीकडं मीठ मागायचं झालं तरी गल्ली गोळा करतो. अशा गावात एक बाई राहायला आल्या, आणि त्यांचं बोलणं ऐकायचं तर आम्हाला आपलं तोंड मिटावं लागायला लागलं. आठवडाभरात गल्लीनं त्यांचं नाव ठेवलं हळूबाई. खरं नाव पुढं कळलं, पण जिभेवर हेच बसलं.

बाई मूळच्या खंडाळ्याच्या. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या. नोकरीत असताना त्यांच्या वर्गात एक मुलगी होती. कुणाशी बोलायची नाही, हाक मारली तर बघायची नाही. हेडमास्तरांनी तिला काढून टाकलं, आणि बाईंच्या ते जिवाला लागलं. निवृत्तीनंतर पुण्याला जाऊन अशा मुलांना कसं शिकवतात ते त्या बघून आल्या. आमच्या इथं सुताचं एक बंद गोदाम स्वस्तात मिळालं, तिथं त्यांनी वर्ग काढला. पुढं वर्ग, मागं पडदा लावून बाईंचं बिऱ्हाड.

माझा सुनील तेव्हा आठ वर्षांचा होता आणि दोन शाळांनी त्याला परत पाठवलं होतं. सासूबाईंनी देवऋषी केले, मी डॉक्टर केले. आष्ट्याची नणंद येऊन सांगून गेली, "वयनी, तुमीच लय लाडावलाय त्याला." मी म्हटलं, मग घेऊन जा की आठ दिवस, बिनलाडाचा सांभाळून दाखवा. त्यानंतर दिवाळीपर्यंत त्या आमच्याकडं फिरकल्या नाहीत.

बाई पहिल्यांदा घरी आल्या तेव्हा सुनील मागाच्या रिकाम्या कांड्या घेऊन कोपऱ्यात बसला होता. येणारा प्रत्येक माणूस त्याला नाव विचारायचा, हनुवटी धरून तोंड वर करायचा. बाईंनी तसलं काही केलं नाही. त्याच्यापासून हातभर लांब, भिंतीला टेकून बसल्या आणि बसूनच राहिल्या. मला वाटलं, या बाईलाच काहीतरी झालंय. बऱ्याच वेळानं सुनील उठला, त्यांचं मनगट धरून त्यांना माठापाशी घेऊन गेला. तोवर माझ्याशिवाय कुणाकडं त्यानं पाणी मागितलं नव्हतं. मी ओट्याशी उभी राहून ढसाढसा रडले. बाईंनी त्याला पाणी पाजलं आणि मला म्हणाल्या, "उद्यापासून पाठव."

त्यांची एक सवय होती. काहीही करायच्या आधी ते सांगायच्या. "आता चित्र. मग डबा. मग घर." पुढं काय होणार ते ठाऊक असलं की ही मुलं घाबरत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. ही सवय मोठ्या माणसांतही सुटायची नाही. माझ्याकडं आल्या की म्हणायच्या, "आता मी बसते. मग चहा घेते. मग जाते." माझे मालक हसायचे. म्हणायचे, बाईंचा चहासुद्धा टाइमटेबलात असतो.

वर्ग चालायचा बाईंच्या पेन्शनवर. त्यात गोदामाच्या मालकानं भाडं वाढवलं आणि सरकारी अनुदान मिळालं नाही तर वर्ग बंद, अशी वेळ आली. बाई सांगलीला समाजकल्याणच्या कचेरीत खेटे घालायला लागल्या. तिथं मतिमंदांसाठी अनुदान होतं, मूकबधिरांसाठी होतं, पण आमच्या पोरांना जे होतं त्याचं नावच त्यांच्या यादीत नव्हतं. मतिमंद म्हणून घाला, म्हणाले. मी भडकले. माझा पोरगा मंद नाही, म्हटलं. बाई म्हणाल्या, "नाव काय लावायचं ते लावू दे त्यांना. उद्या सकाळी ही पोरं कुठं बसणार, तेवढं आपण बघू."

तपासणीला साहेब येणार म्हटल्यावर आम्ही पालक हार, नारळ आणि हलगीवाला ठरवून मोकळे झालो. साहेब यायचा आणि हलगी नाही, म्हणजे काय? बाईंनी सगळं परत पाठवलं. साहेबांना दारात चपला काढायला लावल्या आणि मागं सतरंजीवर बसवलं. माणूस भला होता. डब्याच्या सुट्टीपर्यंत गप्प बसून बघत राहिला, आणि जाताना म्हणाला की मी शिफारस करतो, पण एक अडचण आहे. अनुदान हवं तर शिक्षिका अशा मुलांना शिकवायचा डिप्लोमा केलेली पाहिजे आणि वयात बसणारी पाहिजे.

बाईंना दोन्ही अटी आधीपासून माहीत होत्या. "म्हणजे मी जायचं," त्या म्हणाल्या. आम्ही म्हटलं, पगार नको तर नको, नुसत्या राहा. त्या म्हणाल्या, मी इथं असले तर पोरं माझ्याकडंच बघणार, मग ती नवी पोरगी काय करणार?

अनुदान मंजूर झालं. मिरजेची एक तरुण शिक्षिका आली, कविता नावाची. आणि बाईंनी जायची तयारी सुरू केली. या मुलांना एकाएकी काही बदललेलं सोसत नाही. सुनीलची नुसती थाळी बदलली तरी तो दिवसभर जेवायचा नाही. म्हणून बाई आधी कविताच्या शेजारी बसायच्या, मग कपाटापाशी बसायला लागल्या. मग दारात, मग व्हरांड्यात. शेवटी रस्त्यापलीकडं लिंबाखाली दगडावर, थंडीत स्वेटर घालून. सुरुवातीला सुनील सारखी मान वळवून बाई कुठं आहेत ते बघायचा. हळूहळू कमी झालं. मग थांबलं.

मी रोज डबा द्यायला जायची आणि हे बघायची. बाई थोड्या थोड्या नाहीशा होत होत्या आणि दगडावर बसून स्वतःच ते तपासत होत्या. मला त्यांचा राग यायचा. पोराचाही यायचा. एकदा तरी मान वळव की रं, असं व्हायचं.

निरोप समारंभ त्यांनी करू दिला नाही. ट्रंक आणि वळकटी घेऊन, वर्ग चालू असताना रिक्षात बसल्या. आत कविता चित्रं काढून घेत होती. एकाही मुलानं वर बघितलं नाही.

वर्षानं सुनीलला घेऊन मी खंडाळ्याला गेले. बाई भावाकडं राहत होत्या. घरात टीव्ही मोठ्यानं चाललेला, भाचे मोठ्यानं बोलणारे. "इथं माझं कुणाला ऐकूच येत नाही गं," म्हणाल्या आणि हसल्या. मग सुनीलसमोर जाऊन उभ्या राहिल्या. त्यानं त्यांच्या बाजूनं वाट काढली आणि खिडकीशी जाऊन बसला.

मी म्हटलं, एसटीनं दमलाय तो.

"समजूत नको घालू. वर्गात बसतो का नीट?"

"बसतो. आता तोंडानं डबा मागतो. 'बाई, डबा' म्हणतो."

"कविताला?"

"कविताला."

"मग झालं की," म्हणाल्या आणि चहा करायला आत गेल्या. बराच वेळ झाला तरी बाहेर येईनात, म्हणून मी आत गेले. स्टोव्ह पेटवलेलाच नव्हता. बाई भिंतीला टेकून खाली बसल्या होत्या आणि रडत होत्या. मला बघूनही त्यांनी डोळे पुसले नाहीत. मी खाली बसले, स्टोव्ह पेटवला आणि चहाचं आधण ठेवलं.